‘किती भरू?’ – गाडीच्या टायरमधली हवा तपासायची रीत

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात, हवेच्या मशीनपाशी गाडी लावली की पोरगा पाइप ओढत येतो आणि एकच प्रश्न विचारतो, “किती भरू?” नवीन गाडी घेतलेला माणूस इथेच गडबडतो. “नेहमीची भर” किंवा “तूच बघ” असं काहीतरी बोलून सुटका करून घेतो. पोरगाही मशीनवर आधीच लावून ठेवलेला आकडा तसाच ठेवून चारही चाकं उरकतो. तो आकडा तुमच्या पुढे उभ्या असलेल्या गाडीचा असतो, आणि ती गाडी कांद्याची पोती भरलेला पिकअपही असू शकते.

माझ्या भाचीने गेल्या वर्षी पहिली गाडी घेतली, सेकंडहँड हॅचबॅक. पहिल्या रविवारी सकाळी तिला आधी टायरपाशी उकिडवं बसवलं, स्टिअरिंग नंतर. “मामा, हे काम पंपावरचे लोक करतात ना?” असं ती वैतागून म्हणाली. करतात. पण आकडा तुम्हालाच सांगावा लागतो.

आकडा गाडीवरच लिहिलेला असतो

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. दार बंद केल्यावर जिथे टेकतं त्या खांबावर एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो दाराच्या कडेला असतो, काहींत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. सेकंडहँड गाडीत तो खरवडून गेला असेल तर गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल काढा. स्टिकरवर टायरचा साइज आणि त्याच्यापुढे हवेचा दाब दिलेला असतो.

दाब वेगवेगळ्या मापांत छापलेला असतो आणि त्यात नवखा माणूस अडकतो. पंपावर चालतं ते पीएसआय. कुणी त्याला ‘पॉइंट’ म्हणतो, जुनी माणसं ‘पौंड’ म्हणतात, बाकीचे नुसता आकडा बोलतात. स्टिकरवर मात्र बार किंवा केपीए असू शकतं. १ बार म्हणजे १०० केपीए, म्हणजेच साधारण १४.५ पीएसआय. त्यामुळे २३० केपीए, २.३ बार आणि ३३ पीएसआय ही एकाच हवेची तीन नावं आहेत. आपल्याकडच्या बऱ्याचशा छोट्या-मध्यम गाड्यांचा आकडा ३० ते ३६ पीएसआयच्या दरम्यान असतो. पण ‘दरम्यान’वर भागवू नका, आपल्या गाडीचा नेमका आकडा पाठ करा.

स्टिकरवर बहुतेकदा पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असतात. शिवाय दोन रकाने असतात : एक दोन-तीन माणसांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. दुसऱ्या रकान्यात मागच्या चाकांचा आकडा बऱ्यापैकी वाढलेला दिसेल. रोज एकट्याने ऑफिसला जाणाऱ्याने पहिला रकाना धरावा. गणपतीत पाच माणसं, डिकीत मखराचं सामान आणि आजीची बॅग घेऊन कोकणात निघाल्यावर दुसरा.

एक चूक मात्र शिकले-सवरलेले लोकही करतात. टायरच्या अंगावर बारीक अक्षरात ‘मॅक्स प्रेशर’ म्हणून ४४ किंवा ५१ असा आकडा कोरलेला असतो. तो वाचून तेवढी हवा भरतात. तो टायरच्या सहनशक्तीचा आकडा आहे, तुमच्या गाडीचा नाही. तोच टायर पाच वेगवेगळ्या मॉडेलांना बसतो आणि प्रत्येकाचं वजन वेगळं असतं. टायरला किती सोसतं ते टायर सांगतो, किती भरायचं ते गाडी सांगते.

चार तळहातांवर उभी गाडी

भाचीचा पुढचा प्रश्न होता, दोन-चार पॉइंट इकडेतिकडे झाले तर काय होतं? तिला हिशोब करून दाखवला. माणसांसकट हजार किलोची गाडी धरा, म्हणजे एका चाकावर अडीचशे किलो. ३३ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. भागाकार केला की एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग निघतो जेमतेम ११० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक तळहात. ब्रेक, वळण, पावसातली पकड, सगळं या चार तळहातांवर चालतं. हवेचा दाब बदलला की या तळहाताचा आकार बदलतो.

हवा कमी असली की टायर बसतो, कडा जास्त घासतात आणि मधली नक्षी तशीच राहते. हवा जास्त झाली की उलट : टायर मध्ये फुगतो आणि मधला पट्टा आधी गुळगुळीत होतो. पंक्चरवाला जुना टायर हातात घेऊन “साहेब, तुम्ही हवा बघत नाही” असं सांगतो, ते या झिजेवरून. जास्त हवेने गाडी खड्ड्यांत धडधडते, त्यामुळे ती चूक लगेच कळते. कमी हवा मात्र गुपचूप असते. गाडी उलट मऊ चालल्यासारखी वाटते. पण प्रत्येक फेऱ्याला टायरच्या बाजूच्या भिंती वाकतात, सरळ होतात, पुन्हा वाकतात. तारेला सारखं मागेपुढे वाकवलं की ती गरम होऊन तुटते ना, तसंच. मोठ्या वेगात, भर उन्हात, भरलेल्या गाडीत ही उष्णता साचत जाते आणि टायर फुटतो. त्यातून पेट्रोलही जास्त जातं, पण ती त्यातली किरकोळ गोष्ट.

आणि हे डोळ्यांना दिसत नाही. हल्लीचे रेडियल टायर हवा बरोबर असतानाही खाली थोडे फुगलेलेच दिसतात. लाथ मारून किंवा लांबून बघून “ठीक आहे” म्हणणारे काका सगळ्या सोसायट्यांत असतात. त्यांना दहा पॉइंटचा फरकही कळत नाही. माप हवंच.

टायर थंड असताना

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे फ्रिजमधला नव्हे. गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा फार तर एक-दोन किलोमीटर हळू चाललेली. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची सकाळची वेळ सर्वांत चांगली, ऊन चाकांवर यायच्या आधी. एका बाजूच्या चाकांवर ऊन आणि दुसरीकडे सावली असली तरी दोन्हींत फरक दिसतो.

हायवेवर तासभर चाललेल्या टायरमध्ये तीन-चार पॉइंट सहज वाढलेले असतात. ते वाढणारच, कंपनीने ते धरलेलं असतं. लोक मात्र वाटेत ढाब्याशेजारी मापतात, ३३ च्या जागी ३७ दिसलं की घाबरून हवा सोडतात. रात्री टायर थंड झाला की तो २९ वर येतो, आणि दुसऱ्या दिवशी हेच महाशय कमी हवेवर परतीचा प्रवास करतात. गरम टायरमधली हवा सोडायची नाही. उलट, वाटेत टायर गरम असतानाच हवा कमी दिसली आणि भरावीच लागली, तर थंडच्या आकड्यापेक्षा तीन-चार पॉइंट जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मापून नीट करा.

स्वतःचं गेज

एका पंपावर मी दोन वर्षं नेमाने हवा भरत होतो. मशीन डिजिटल, आकडा लाल चकचकीत, भरून झालं की टुंई वाजायचं. एकदा घरी गेज, म्हणजे हवा मापायचं छोटं यंत्र, आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लावून बघितलं, तर चारही टायर २८. मशीनने तर ३३ दाखवले होते. आधी वाटलं गेज खोटं. शेजाऱ्याचं आणून लावलं, तेही २८. पाइप दिवसभर सिमेंटवर आपटतो, गाड्या त्याच्यावरून जातात, आणि ते मशीन शेवटचं कधी तपासलं होतं हे तिथल्या पोरालाही माहीत नव्हतं. त्याचा काय दोष?

म्हणून दोन-पाचशे रुपयांचं गेज घ्या आणि गाडीच्या कप्प्यात ठेवा. पेन्सिलसारखं, घड्याळाच्या तबकडीचं किंवा डिजिटल, तिन्ही चालतात. मला तबकडीचं आवडतं, कारण त्याला सेल लागत नाही. एखाद्या पॉइंटने ते चुकत असेल, पण दर वेळी तेवढंच चुकेल, आणि महिन्यामागून महिना हवा कशी उतरते ते कळायला तेवढं पुरतं.

आता प्रत्यक्ष

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेला. पुढच्या डाव्या चाकापासून सुरू करा आणि गाडीला प्रदक्षिणा घाला, म्हणजे कुठलं चाक राहिलं असा घोळ होत नाही. वॉल्व्हचं टोपण उलट दिशेने फिरवून काढा आणि थेट खिशात टाका. जमिनीवर ठेवलेलं टोपण गटारात जातं, हा अनुभव आहे.

गेजचं तोंड वॉल्व्हवर सरळ, एका दमात दाबा. तिरकं बसलं तर ‘फुस्स’ असा आवाज येत राहतो आणि आकडा खोटा येतो. नीट बसलं की क्षणभर फुस्स होऊन आवाज बंद होतो आणि काटा स्थिर होतो. भाचीला हे चौथ्या प्रयत्नात जमलं. ती अंगठ्याने हळूहळू दाबत होती. वॉल्व्हच्या आतली बारीक पिन पटकन दबायला हवी. प्रत्येक चाक दोनदा मापा. दोन्ही वेळा सारखा आकडा आला तर तो खरा. मापताना जाणारी हवा नगण्य असते, तिची काळजी नको.

आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा, तारखेसकट. आत्ता हे फाजील वाटेल, पण पुढे उपयोगी पडेल.

टायरपाशी बसलाच आहात तर अर्धा मिनिट त्याच्याकडे बघा. नक्षीच्या खाचांच्या तळाशी मध्येमध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की खाच १.६ मिलिमीटर उरली असं समजा, आणि टायर बदला. बाजूच्या भिंतीवर बेडकुळीसारखा फुगवटा दिसला तर आतले धागे तुटलेत. त्याला हवेचा कुठलाच आकडा वाचवणार नाही.

हवा कमी निघाली तर भरायची. पंपावर हवा फुकट मिळते. ती सोय देणं पंपांवर बंधनकारकच आहे. पोराला दहा-वीस रुपये द्यायचे की नाही, ते तुमच्या मनावर. पंप घरापासून किलोमीटरभरात असेल तर उत्तम. लांब असेल तर एक युक्ती : घरी थंड टायर मापा, किती कमी आहे ते काढा, आणि पंपावर तेवढेच पॉइंट वाढवा. घरी ३३ ऐवजी २९ निघाले म्हणजे ४ कमी. पंपावरचं मशीन त्याच टायरला ३१ दाखवत असलं तर ३५ करायला सांगा. टायर गरम असो की मशीन खोटं असो, वाढ तेवढीच होते. पोरगा “३५ कशाला?” म्हणून वाद घालेल. घालू द्या.

घरी बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर असला तर हा खटाटोपच नको. आकडा लावायचा, बटण दाबायचं. मात्र गाडीचं इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते. आणि त्यासाठी गाडी बंद गॅरेजमध्ये नको, मोकळ्या जागेत हवी. ही छोटी मशीनं सलग चालवली की तापतात, तेव्हा दोन चाकांनंतर थोडी विश्रांती द्या. जास्त भरली गेली तर वॉल्व्हमधली पिन नखाने किंवा गेजच्या टोकाने दाबून थोडी सोडा, पुन्हा मापा.

शेवटी टोपण आठवणीने लावा. हवा अडवायचं काम वॉल्व्ह करतो. टोपण धूळ आणि पाणी बाहेर ठेवतं. रंगीबेरंगी धातूची टोपणं बसवायची हौस असेल तर मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा समुद्राकाठी ती आवरा. खाऱ्या हवेत धातूवर धातू गंजून असा चिकटतो की टोपण काढताना वॉल्व्हच तुटतो. काळं प्लास्टिकचं साधं टोपण बरं.

महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाआधी

चांगला टायरही महिन्याला एखादा पॉइंट हवा गमावतो. रबरातून ती हळूहळू झिरपते. म्हणून महिन्यातून एकदा मापणं पुरे. आता ती मोबाइलमधली नोंद काढा. चारही चाकं सारखीच उतरली असतील तर चिंता नाही. तीन ३२ आणि एक २७ असेल तर त्या एकात काहीतरी आहे. भाचीच्या गाडीचं मागचं उजवं चाक दर महिन्याला पाच पॉइंट उतरायचं. नोंद नसती तर ती दर महिन्याला भरत राहिली असती.

अशा वेळी साबणाचं पाणी करून टायरवर, रिमच्या कडेला आणि वॉल्व्हवर लावा. जिथून बुडबुडे येतील तिथे दोष. पंक्चरवाला याहून सोपं करतो : बोटाला थुंकी लावून वॉल्व्हच्या तोंडावर ठेवतो, बुडबुडा आला की पिन बदलतो. काम मिनिटाभराचं आणि खर्च किरकोळ. भाचीच्या चाकात मात्र नक्षीत घुसलेला एक बारीक खिळा निघाला. ट्यूबलेस टायरमध्ये खिळाच बुचासारखा बसतो आणि हवा आठवडे-आठवडे हळूहळू जात राहते. असा खिळा दिसला तर घरी उपटून काढू नका. तसंच पंक्चरवाल्याकडे जा.

हवामान बदललं की आकडा बदलतो. तापमानात दर दहा अंशांनी साधारण दीड-दोन पॉइंटचा फरक पडतो. नागपुरात डिसेंबरच्या पहाटे बारा अंशांना बरोबर ३३ भरलेला टायर मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या दुपारी, एक मीटरही न चालता, ३८ च्या आसपास दाखवेल. उलटंही तितकंच खरं. मे महिन्यात भरून विसरलेली गाडी थंडीत बरीच बसलेली असते. दिवाळीनंतरची पहिली तपासणी म्हणूनच चुकवू नये.

समृद्धी महामार्गाबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. ७०१ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा रस्ता, ताशी १२० ची मर्यादा, आणि तासन्‌तास एकाच वेगात चालणारी गाडी. शहरात सिग्नलला, गर्दीत टायरला मध्येमध्ये निवायला वेळ मिळतो, इथे मिळत नाही. “समृद्धीवर टायर फुटतात म्हणून हवा चार पॉइंट कमी ठेवून जा” असा सल्ला मला तीन वेगवेगळ्या माणसांनी दिला आहे. तो साफ उलटा आहे. कमी हवेने टायर जास्त वाकतो, जास्त तापतो; म्हणजे ज्याला घाबरून हवा कमी केली तेच ओढवून घ्यायचं. स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा, थंड टायरमध्ये, निघायच्या सकाळी. जुना टायर असेल तर त्याच्या अंगावरचा चार आकड्यांचा शिक्काही बघा : २३१८ म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी छान दिसते म्हणून इतक्या म्हाताऱ्या टायरला १२० ने पळवू नये असं माझं मत.

नायट्रोजनबद्दल सगळे विचारतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. निव्वळ नायट्रोजन भरला तर ओलावा कमी असतो आणि हवा थोडी सावकाश उतरते, एवढंच. तोही तापला की फुगतोच. फुकट मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर साधी हवा त्यातच भरा, काही बिघडत नाही. विमानांच्या टायरांत तो असतो, पण आपण विमान चालवत नाही.

नव्या गाड्यांत हवा कमी झाली की डॅशबोर्डवर घोड्याच्या नालासारखं, आत उद्गारचिन्ह असलेलं पिवळं चित्र पेटतं. ते उपयोगी आहे, पण गेजची जागा घेत नाही. बऱ्याच गाड्यांत ते पेटेपर्यंत वीस-पंचवीस टक्के हवा गेलेली असते. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच. चाकं किती वेगाने फिरतात त्यावरून गाडी अंदाज बांधते. अशा गाडीत हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं, कसं ते मॅन्युअलमध्ये असतं.

स्टेपनी

वेल्समधल्या लॅनेली गावात, स्टेपनी नावाच्या रस्त्यावरच्या दुकानातून १९०४ मध्ये जादा चाकं विकायला सुरुवात झाली, त्यावरून हा शब्द आला. इंग्लंडातले लोक तो विसरले, आपल्याकडचा पंक्चरवाला विसरला नाही. आपण मात्र खुद्द स्टेपनीच विसरतो. कशेडी घाटाच्या अलीकडे एकदा रात्री चाक पंक्चर झालं. डिकीतलं सगळं सामान रस्त्याकडेला काढलं, जॅक लावला, नट सोडले, स्टेपनी बसवली, जॅक उतरवला, आणि स्टेपनी रिमपर्यंत बसली. गाडी घेतल्यापासून तिच्यात कुणी हवा बघितलीच नव्हती.

चार चाकं झाली की डिकीतला गालिचा उचलून पाचवंही मापा. काही गाड्यांत स्टेपनी खाली लटकवलेली असते, तिथे वॉल्व्हपर्यंत हात पोचतो का ते आधीच बघून ठेवा. ती क्वचितच तपासली जाते, म्हणून इतर चाकांपेक्षा दोन-तीन पॉइंट जास्त भरून ठेवावी. बसवल्यावर हवा सोडता येते, रस्त्यावर भरता येत नाही. स्टेपनी इतर चाकांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते आणि तिचा आकडा स्टिकरवर वेगळा दिलेला असतो. काही अगदी अरुंद स्टेपन्यांना तर ६० पीएसआय लागतात. पंपावरच्या पोराला हा आकडा सांगितला की तो एकदा तुमच्याकडे बघतो. त्याला स्टिकर दाखवा.